समोरची शीट

१

दात काढण्यासाठी भूल दिलेली बिबटी टेबलावरच जागी झाली आणि तिनं डॉक्टरीणबाईंचा हात जबड्यात धरला. पिंजरेवाल्यांनी जाळी टाकून तिला आवरलं, नाहीतर नुसत्या हातावर भागलं नसतं. हे झालं काल सकाळी. आज मी प्राणिसंग्रहालयात पोचले तेव्हा ती पिंजऱ्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होती. दुखरा दात तसाच होता आणि समोरचं मांस तिनं हुंगलंही नव्हतं.

मला तिची तगमग कळली, कारण मलाही एका जागी बसवत नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे, मला वाढायचं तर ताट घेऊन मागे धावावं लागतं, असं माझा नवरा येईल त्या पाहुण्याला सांगतो. वरच्या कार्यालयातून चौकशीला मलाच पाठवतात, त्यामागेही ही भिंगरीच असावी.

संचालक फाटकातच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा, चेहऱ्यावर काम उरकायची घाई.

"चौकशी आपली नावापुरती हो," ते म्हणाले. "कुणामुळे झालं ते ठरल्यातच जमा आहे. संध्याकाळी वर कळवून टाकू."

"कुणामुळे झालं?"

"आमच्या कॉम्प्युटरवालीमुळे." त्यांनी आवाज खाली आणला. "डॉक्टरीणबाईंची सूनच ती. म्हणून जरा जपून."

दवाखान्याच्या औषधखोलीला त्यांनी कालच कुलूप लावून वर कागदाची पट्टी चिकटवली होती. ती त्यांनी माझ्यादेखत फाडली. आत औषधांचा फ्रिज, काचेची कपाटं, कोपऱ्यात टेबल आणि टेबलावर कॉम्प्युटर. मी खुर्ची बाजूला सारून उभ्यानंच पुढे वाकले आणि पहिल्याच फटक्याला चिडले, कारण माऊस कीबोर्डच्या डाव्या बाजूला होता आणि त्याची वायर सगळी बटणं ओलांडून आडवी पडली होती. मी तो उचलून उजवीकडे ठेवला.

"कालपासून इथं कुणी शिरलेलं नाही," संचालक म्हणाले आणि त्यांनी खिशातून कालची छापील चिठ्ठी काढली.

चिठ्ठीवर एवढंच होतं: ठिपकी, बिबट्या, मादी. भूल २.१ मिली.

"हिशोबानं तीन यायला हवे होते," ते म्हणाले. "आता गंमत बघा."

त्यांनी मांसाहारी प्राण्यांची शीट उघडली, ठिपकीच्या ओळीवर क्लिक केलं आणि वरचं 'मात्रा' बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरायला लागलं. आम्ही दोघं हाताची घडी घालून, एखाद्याच्या निकालाची वाट बघावी तसे उभे राहिलो. प्रिंटरमधून चिठ्ठी आली. तीन मिली. पुन्हा बटण, पुन्हा घडी, पुन्हा तीन.

"काल दोन पूर्णांक एक, आज तीन," संचालक म्हणाले. "मधल्या वेळात कुणीतरी घरबसल्या दुरुस्ती करून हात झटकलेत. आणि ते जमेल असं माणूस इथं एकच आहे."

२

रुग्णालयातल्या खोलीचं दार ढकलण्याआधी मला बाहेरच्या बाकावर एक मुलगी दिसली. मांडीवर जेवणाचा डबा, डोळे सुजलेले. मी आत गेले तेव्हा तिनं दारातून डोकावून पाहिलं आणि लगेच मागे सरकली.

डॉक्टरीणबाई उशीला टेकून बसल्या होत्या. डावा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होता.

"ठिपकी जेवली का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"नाही."

"जेवणार कशी. दात काढल्याशिवाय नाही जेवायची. आणि आता तिला भूल द्यायला धजणार कोण?" त्यांनी डोळे मिटले. "दोन पूर्णांक एक. चिठ्ठी बघून मला शंका आली होती हो. पण चार दिवस धड खाल्लं नाही, वाळली असेल, अशी मीच माझी समजूत घातली. आणि चिठ्ठी सुनेच्या हातची. चुकेल कशी, असं वाटलं."

"चिठ्ठी निघाली तेव्हा औषधखोलीत कोण होतं?"

"कंपाउंडर. मात्रा काढताना त्यांच्याखेरीज कुणी आत जायचं नाही. लक्ष विचलित होतं."

"तुम्ही गेला होतात?"

"नियम माझाच आहे, बाई."

मी जबाबाचा कागद पुढे केला. त्यांनी उजव्या हातानं सही केली. पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी अक्षरं आली तशी त्यांनी मान वळवली. "दोन बोटांत जाणीव परत येईल की नाही, इथले डॉक्टर सांगत नाहीत," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षं चाकू याच डाव्या हातानं धरला मी."

"बाहेर तुमची सून बसली आहे."

"बसू दे."

"डबा घेऊन आली आहे."

"मला भूक नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि मला तिला बघायचं नाही."

३

मला बाकावर बसणं जमेना, म्हणून मी त्या मुलीला घेऊन जिन्यात गेले. आम्ही तीन मजले उतरलो, पुन्हा चढलो. डबा तिच्या हातातच होता.

"कामावर मी त्यांना मॅडम म्हणते, घरी आई," ती म्हणाली. "काल धावत आले तर तोंडातून काहीच फुटेना. काय म्हणू?" मग म्हणाली, "नवरा म्हणतोय, थोडे दिवस माहेरी जाऊन राहा. आईच्या नजरेस नको पडायला."

मी तिला कोडमध्ये काही बदल केलास का, असं सरळच विचारलं.

"एक अक्षरही नाही. महिनाभर मी त्या फाईलला हात लावलेला नाही."

"मग मला आधी समजाव, हे आहे तरी काय? आणि मला काहीच कळत नाही असं धरून समजाव. ते खरंच आहे."

ती पहिल्यांदा किंचित हसली. "मॅक्रो म्हणजे शीटला शिकवून ठेवलेलं काम. बटण दाबलं की शीट ते आपण होऊन करते. आमच्याकडे प्राण्यांच्या सहा शीट आहेत, मांसाहारी, हरणं, पक्षी, अशा. पूर्वी प्रत्येक शीटच्या पोटात तोच कोड होता, सहा प्रती. एकात चूक सुधारली की पाचांत ती तशीच राहायची. मागे माकडांच्या शीटमध्ये असंच जुनं राहून गेलं, तेव्हा आईच वैतागल्या. म्हणाल्या, सगळ्यांना मिळून एकच कर बाई. मग मी तो बाहेर काढून एका सामाईक फाईलमध्ये ठेवला. आता सहाही शीट तिथूनच उसना घेतात."

"आणि बटण दाबल्यावर तो करतो काय?"

"कुठल्या ओळीवर क्लिक केलंय ते बघतो. त्या प्राण्याचं नाव घेतो, त्याच्या जातीला किती औषध लागतं त्याचं प्रमाण शोधतो. मोठ्या मांजरांना दर दहा किलोला अर्धा मिली. मग शीटमधून वजन वाचतो, गुणतो आणि चिठ्ठी छापतो. प्रमाणांची यादी मोठी आहे, म्हणून ते चक्र फिरतं तेवढा वेळ लागतो." तिनं डबा दुसऱ्या हातात घेतला. "आधी कोड आणि शीट एकाच घरात राहायचे. आता तो शेजारी राहतो. हाक मारली की येतो, समोर जी शीट असेल तिचं काम करतो आणि जातो."

हे वाक्य तेव्हाच माझ्या कानाला खटकायला हवं होतं. पण वर जाऊन डबा तरी खोलीत ठेवू का, असं तिनं विचारलं आणि माझं लक्ष तिकडे गेलं. परिचारिकेनं डबा आत नेला. आम्ही जिना उतरायच्या आत तो तसाच्या तसा बाहेर आला.

४

दुपारी मी पुन्हा पिंजऱ्यापाशी होते. ठिपकी अजून फिरत होती. पिंजरेवाले मामा तिच्याशी हळू आवाजात बोलत होते, आजारी मुलाशी बोलावं तसे.

"साठ किलो," ते म्हणाले. "आदल्या दिवशी मीच काट्यावर चढवली. वाळली म्हणतात, पण दोन किलोसुद्धा उतरली नव्हती. केसाळ जनावर, डोळ्यांना फसवतं."

"कुणाचा तिच्यावर राग? कुणाला ऑपरेशन नको होतं?"

"मला नको होतं," मामा म्हणाले. "एवढ्या म्हाताऱ्या जनावराला भूल सोसेल का, म्हणून. पण म्हणून काय मी डॉक्टरीणबाईंचा हात तोडायला लावीन? काल सकाळी त्या आधी हरणांकडे आल्या. आईवेगळं पाडस आहे तिथं, त्याचं वजन चढेना. आमच्याकडे काटा मोकळा नव्हता, तर म्हणाल्या, शीटमध्ये बघते मी, आणि तरातरा गेल्या."

कंपाउंडर काका दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. मी समोर उभी राहिले, तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "मी एकटाच होतो खोलीत."

"मी विचारलं कुठे?"

"विचारणारच होतात." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "मी ठिपकीच्या ओळीवर क्लिक केलं, बटण दाबलं. औषध आणायला फ्रिजकडे वळलो. वळून बघतो तर चिठ्ठी आलेली. तेवढं औषध भरलं आणि नेलं. बाटलीत पाणी घातलं असेल असं वाटत असेल तर बाटली तपासा."

बाटलीचं कुणी नावच काढलं नव्हतं, आणि तपासायची गरजही नव्हती. बाटलीतलं औषध कसंही असो, चिठ्ठीवरचा आकडाच चुकला होता. काकांनी चूक केली नव्हती. पण ते काहीतरी पोटात ठेवून होते, आणि ते त्यांना जड जात होतं.

पाच वाजत आले. संचालकांनी वर पाठवायचा मजकूर टाइप करून ठेवला होता. खाली सुनेचं नाव होतं आणि माझ्या सहीची जागा रिकामी होती.

५

मी पुन्हा औषधखोलीत शिरले. संचालक मागोमाग आले आणि घड्याळ बघत उभे राहिले.

तो आकडा मला स्वस्थ उभं राहू देईना. दहा किलोला अर्धा मिली, तर दोन पूर्णांक एक म्हणजे बेचाळीस किलो. ठिपकी साठाची. ही चूक अर्ध्याची नव्हती, दुपटीचीही नव्हती, शून्य इकडचं तिकडे गेल्याचीही नव्हती. बेचाळीस हे अगदी खरंखुरं, कुणाचं तरी वजन वाटत होतं. ते कुणाचं?

मी मांसाहारींची शीट उघडली. वाघ, तरस, लांडगे. बेचाळीसचं कुणीच नव्हतं. म्हटलं, आणखी एकदा बटण दाबून बघू. ठिपकी पाचव्या ओळीत होती. मी क्लिक केलं, बटण दाबलं, चक्र फिरायला लागलं. सकाळी ते चक्र मी दोनदा संपेपर्यंत बघितलं होतं आणि आता मला त्याच्याकडे बघवेना. ते फिरतंय तोवर हरणांत शोधू, म्हणून मी हरणांची शीट उघडली. पाचव्या ओळीत पुतळी नावाची हरिणी होती. वजन बेचाळीस.

माझ्या पाठीमागे प्रिंटर घरघरला.

संचालकांनी चिठ्ठी उचलली, आणि त्यांचा हात तसाच राहिला. ठिपकी, बिबट्या, मादी. भूल २.१ मिली.

मी फोन लावला आणि सुनेला काय झालं ते सांगितलं.

"नाव आणि प्रमाण कोडनं पहिल्या शीटमधून घेतलं," ती म्हणाली. "मग यादी शोधत बसला. वजन वाचायला आला तोवर तुम्ही दुसरी शीट समोर आणली होती. त्यानं समोरच्या शीटची पाचवी ओळ वाचली. कोड शीटच्या पोटात होता तेव्हा हे होणंच शक्य नव्हतं. मी बाहेर काढला आणि... मी शंभरदा तपासलं होतं हो. प्रत्येक वेळी बटण दाबून, हात मांडीवर ठेवून."

"आम्हीही तसंच तपासलं," मी म्हटलं. "घडी घालून. शहाण्यासारखं."

फोन ठेवला. संचालकांनी घसा साफ केला. "म्हणजे कोड तिचाच चुकला. नाव तेच राहतं."

"कोडमध्ये भोक होतं, कबूल. पण तिनं मागाहून काही लपवलं, हा तुमचा आरोप गेला. दुरुस्ती कुणीच केली नाही, काल फक्त इथे कुणाला तरी धीर नव्हता. आणि काका तर फ्रिजकडे वळले होते. मग हरणांची शीट समोर आणली कुणी?"

मी माऊसकडे हात नेला. तो उजवीकडे होता. सकाळी मीच ठेवला होता तिथे. आणि त्याआधी तो कुठे होता, हे मला आठवलं तेव्हा मी तडक बाहेर पडले.

६

काकांनी मला येताना बघितलं आणि चष्मा काढला.

"काका, तुम्ही उजव्या हातानं काम करता," मी म्हटलं. "काल माऊस डावीकडे होता."

ते म्हणाले, "मिनिटभर आल्या होत्या त्या. पाडसाचं वजन बघितलं आणि गेल्या. त्यानं काही बिघडलं असेल असं माझ्या डोक्यात नव्हतं, शपथ. पण त्यांचाच नियम, त्यांनीच मोडला, असं त्यांच्या हातावरच्या पट्ट्यांकडे बघून कसं सांगायचं? हात गेला त्यांचा. आणखी काय काय काढून घ्यायचं माणसाकडून?"

"आणि ती पोर?"

काकांनी मान खाली घातली.

रुग्णालयात सून तशीच बाकावर बसली होती, मांडीवर आता लॅपटॉप होता. मी तिला थांबायला सांगून आत गेले आणि दोन्ही चिठ्ठ्या, कालची आणि आजची, डॉक्टरीणबाईंच्या पांघरुणावर ठेवल्या. दुसरी कशी निघाली ते सांगितलं. समोरच्या शीटबद्दल सांगितलं. माऊसबद्दल मात्र मी बोलले नाही. त्यांनी आपल्या पट्टीतल्या हाताकडे बघितलं, तेवढं पुरे झालं.

"मी तुमच्याशी खोटं बोलले नाही," त्या म्हणाल्या. "उत्तर दिलं नाही, एवढंच."

"माहीत आहे."

"औषध कमी पडलं, हे ठिपकीनं हात धरला तेव्हाच कळलं मला. का पडलं, ते नव्हतं कळलं. मग कुणीतरी सुनेचं नाव घेतलं. आणि मला बरं वाटलं. ऐकताय ना? माझा हात असा झालेला, आणि कुणाला तरी बोल लावता येतोय म्हणून मला बरं वाटलं. ती दिवसभर दारात बसली आणि मी तिला बसू दिलं."

मी खिडकीपर्यंत गेले आणि परत आले.

"तुमच्या कागदावर माझं नाव घाला," त्या म्हणाल्या. "नियम कुणाचा आणि मोडला कुणी, ते दोन्ही लिहा. आणि तिला बोलवा."

सून दारात येऊन उभी राहिली. आत पाऊल टाकावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

"चूक माझीच आहे," ती घाईनं म्हणाली. "कोडनं सुरुवातीलाच शीट कोणती ते मनात धरायला हवं होतं, आणि शेवटपर्यंत तीच सोडायला नको होती. मी ती ओळ आत्ता लिहिली, बाहेर बसून. मॅडम, मी..."

"इथं मॅडम कोण आहे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मुलीनं लॅपटॉप पलंगाच्या फळीवर ठेवला.

"चिठ्ठीवर वजनही छापून येऊ दे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून कोरडाच होता, पण मघाचा नव्हता. "नुसती मात्रा बघून मला काय कळणार होतं? साठाच्या जागी बेचाळीस दिसलं असतं तर मी तिथंच थांबले असते."

सुनेनं दोन ओळी लिहिल्या, ठिपकीची ओळ निवडली, बटण दाबलं. चक्र फिरायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी उजवा हात पुढे केला, अवघडत, चुकत, आणि चक्र फिरत असताना मुद्दाम हरणांची शीट समोर आणली. एवढ्यावर थांबल्या नाहीत. पक्ष्यांची आणली, माकडांची आणली.

पडद्यावर चिठ्ठी आली. ठिपकी, बिबट्या, मादी. वजन ६०. भूल ३ मिली.

"उद्या शेजारच्या गावातून डॉक्टर बोलवा," त्या मला म्हणाल्या. "दात उद्याच निघायला हवा. हात त्यांचे असू देत. चिठ्ठी मात्र हिच्याच कोडची निघेल. नाही म्हणाले तर म्हणावं, मी सांगितलंय."

मी संचालकांना फोन करून त्यांचा टाइप केलेला मजकूर फाडायला सांगितला. त्यांनी काही विचारायच्या आत फोन ठेवला.

"डबा आहे का अजून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गार झालाय, आई."

"असू दे."

सुनेनं झाकण काढलं. डॉक्टरीणबाईंनी उजव्या हातानं चमचा धरायचा प्रयत्न केला, तो दोनदा निसटला. तिसऱ्यांदा सुनेनं तो काही न बोलता उचलला, भरला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं.

कोपऱ्यात एक खुर्ची होती. मी त्या दिवशी पहिल्यांदाच बसले, आणि डबा संपेपर्यंत उठले नाही.